शाळेच्या दारी येणारा वर्ग : ग्रामीण मुलांची डिजिटल साक्षरता

प्रस्तावना

फिरता डिजिटल वर्ग म्हणजे संगणक, वीज, अभ्याससाहित्य आणि शिकवणारी व्यक्ती यांना एकत्र घेऊन ठरलेल्या दिवशी शाळेच्या दारी जाणारी व्यवस्था. ती कधी बसमध्ये मांडलेली असते, कधी टेम्पोत, तर कधी मोटारसायकलला बांधलेल्या दोन पेट्यांत मावते. वाहन कोणतेही असो, त्यामागचा हेतू एकच असतो. ज्या शाळेला स्वतःचा संगणक कक्ष उभारता येत नाही, किंवा उभारलेला चालता ठेवता येत नाही, तिथल्या मुलांना यंत्र स्वतः हाताळून शिकण्याची संधी नियमितपणे मिळावी, हा तो हेतू.

या व्यवस्थेचे मोल गाडीच्या रंगरूपावर ठरत नाही. गाडी किती वेळा परत येते, प्रत्येक मुलाला यंत्र स्वतः चालवायला किती वेळ मिळतो आणि गाडी निघून गेल्यावर शाळेत काय उरते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ग्रामपंचायती आणि स्वयंसेवी संस्था यांनी असा उपक्रम हाती घेताना हेच प्रश्न आधी विचारायला हवेत. पुढील विवेचनही त्यांच्याच आधाराने केले आहे.

डिजिटल साक्षरता म्हणजे काय?

फोन चालवता येणे आणि डिजिटल साक्षर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये मांडलेल्या ‘डिजकॉम्प’ या आराखड्यात डिजिटल क्षमतेची पाच अंगे सांगितली आहेत : माहिती शोधणे व पारखणे, संवाद व सहकार्य, स्वतः काही निर्माण करणे, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणे. युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरासाठी आराखडा तयार केला, तेव्हा यात आणखी दोन अंगांची भर घातली. एक म्हणजे यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची मूलभूत ओळख, आणि दुसरे म्हणजे व्यवसायाशी निगडित कौशल्ये. यंत्राची ओळख वेगळी नोंदवण्याची गरज का भासली, हे ग्रामीण शाळेत लगेच कळते. घरात संगणक नसलेल्या मुलाला फाईल म्हणजे काय, ती कुठे साठवली जाते, यंत्र बंद केल्यावर ती राहते की जाते, इथूनच सुरुवात करावी लागते.

ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या पाहण्यांतून या विषयाचे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. २०२३ ची पाहणी २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत, १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची झाली. त्यांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरताही येत होता. मात्र फोन वापरू शकणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील मुलांना आदल्या आठवड्यातील वापराबद्दल विचारले गेले. ५७ टक्क्यांनी फोन शिकण्याशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्या खात्याला रोखणे किंवा त्याची तक्रार करणे जमत होते. स्वतःचे खाते खासगी कसे करायचे, हे ५५.२ टक्क्यांना माहीत होते.

यंत्र घरात पोचले आहे; त्याचा उपयोग करण्याची समज मागे राहिली आहे, आणि मुली आणखी मागे राहिल्या आहेत. छोट्या पडद्यावर बघता खूप येते. लिहिणे, मांडणी करणे, आकडेमोड करणे, प्रोग्रॅम रचणे यांसाठी मात्र कळफलक आणि मोठा पडदा लागतो. ही सोय शाळेनेच करावी लागते. देशातील सर्व शाळांचा विचार केला, तर ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार चालू स्थितीतले संगणक ५७.२ टक्के शाळांत होते आणि इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. उरलेल्या शाळांत वाड्या-वस्त्यांवरच्या लहान शाळांचा भरणा मोठा आहे.

शिक्षण दारी नेण्याची परंपरा

मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. तिथे उभ्या राहिलेल्या ग्रंथालय व्यवस्थेचा एक भाग होता फिरती ग्रंथालये. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात आणि पुस्तके वाचून झाली की पुढच्या गावी रवाना होत. एका पेटीतली पुस्तके अनेक गावांच्या उपयोगी पडत. आजच्या फिरत्या वर्गाचे अर्थशास्त्र नेमके हेच आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर शाळाच कुरणावर गेली. ही ‘कुरणशाळा’ मुलांच्या दिनक्रमाशी जुळवून घेत होती. मुलांच्या घरच्या कामाचा, ऋतूचा आणि सणांचा विचार न करता आखलेले वेळापत्रक कागदावरच राहते, हा त्यांच्या कामातून मिळणारा धडा फिरत्या वर्गालाही लागू आहे.

१९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने रस्त्यावर आणि बांधकामांवर राहणाऱ्या मुलांसाठी बसमध्ये वर्ग भरवला. पुण्याच्या ‘विज्ञानवाहिनी’ची बस १९९५ पासून ग्रामीण शाळांत विज्ञानाचे प्रयोग घेऊन जात आली आहे; निवृत्त शिक्षक आणि वैज्ञानिक स्वयंसेवक म्हणून तिच्यासोबत जातात. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘अगस्त्य’ या संस्थेने फिरत्या विज्ञान प्रयोगशाळांना मोटारसायकलवरून जाणाऱ्या प्रयोगशाळेची जोड दिली. अलीकडे ‘एचपी’ने ‘वर्ल्ड ऑन व्हील्स’ या नावाने संगणकांनी सज्ज, सौरऊर्जेवर चालणाऱ्या बस भारतातल्या खेड्यांत नेल्या. फिरता डिजिटल वर्ग या साऱ्या प्रयत्नांचा वारसा घेऊन उभा आहे.

शाळेत संगणक नेण्याचे प्रयत्न आणि त्यांचे धडे

भारतातल्या शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. सुमारे २५० शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक पोचले. पुढे २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना आली. तिने प्रामुख्याने माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे केले. प्राथमिक शाळा बऱ्याच अंशी बाहेर राहिल्या. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. तो शुल्क भरून केंद्रावर जाऊ शकणाऱ्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी होता. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याची वयोमर्यादा १४ ते ६० होती आणि अभ्यासक्रम २० तासांचा. पहिली ते आठवीतल्या बहुतेक मुलांसाठी इथेही जागा नव्हती.

याच काळात दोन प्रयोगांनी जगाचे लक्ष वेधले. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला. शेजारच्या वस्तीतली मुले कोणी न शिकवता, एकमेकांचे बघून तो वापरू लागली. दुसरा प्रयोग ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा. तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळ, खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला, आणि तिथे प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप मिळाला. मूल हे उत्सुक आणि सक्षम शिकणारे असते, ही गोष्ट दोन्ही प्रयोगांनी दाखवून दिली. पण यंत्र दिले की शिक्षण आपोआप होते, हा निष्कर्ष टिकला नाही. पेरूमध्ये ‘वन लॅपटॉप’ योजनेतील ग्रामीण प्राथमिक शाळांचा मोठा अभ्यास झाला. त्यात ३१९ शाळांची तुलना केल्यावर लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या भाषा आणि गणिताच्या गुणांत वाढ आढळली नाही. शिक्षकांची तयारी आणि अभ्यासक्रमाशी सांगड नसेल तर यंत्र वर्गाच्या कडेलाच राहते.

उलट बाजूचे दाखलेही महाराष्ट्रातच आहेत. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून ओळखली गेली, ती तिथल्या शिक्षकाच्या पुढाकारामुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दोन्ही ठिकाणी यंत्रे साधी होती; बदल घडला तो शिक्षकामुळे. फिरत्या वर्गाची आखणी करताना हा धडा सर्वांत मोलाचा ठरतो.

फिरताच वर्ग का?

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. त्या डोंगरात, पाड्यांवर, धनगरवाड्यांत आहेत आणि मुलांच्या घराजवळ असल्यानेच त्यांना अर्थ आहे. अशा प्रत्येक शाळेत वीस लॅपटॉप ठेवले तर ते आठवड्यातले काही तासच वापरात राहतील. उरलेला वेळ धूळ, उंदीर, ओल आणि चोरी यांच्यापासून त्यांची राखण करण्यात जाईल. बिघडलेले यंत्र तालुक्याला नेणारे कोणी नसते, म्हणून ते कपाटात पडून राहते.

एका साध्या हिशोबाने फरक लक्षात येईल. वीस लॅपटॉपचा एक संच रोज दोन शाळांत गेला तर पाच दिवसांत दहा शाळा होतात. त्यांत थोड्या मोठ्या शाळाही घेऊन प्रत्येकी जास्तीत जास्त चाळीस मुले धरली तर चारशे मुलांना आठवड्यातून एकदा दोन तास मिळतात. परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि अतिवृष्टीचे दिवस वजा जाता वर्षात तीस आठवडे पदरात पडले, तर प्रत्येक मुलाचे साठ तास होतात. एका यंत्रावर दोघे बसले तरी कळफलक स्वतःच्या हाती असण्याचे तीस तास उरतात. मोठ्यांसाठीच्या अभियानातला अख्खा अभ्यासक्रम वीस तासांचा होता, हे लक्षात घेतले तर ही संधी लहान नाही.

हा हिशोब एकाच अटीवर खरा ठरतो : गाडी दर आठवड्याला आली पाहिजे. वर्षातून एकदा येऊन दिवसभर संगणक दाखवणारी बस कुतूहल जागे करते, कौशल्य देत नाही. कळफलकावरचा हात आठवड्याच्या सरावाने बसतो. सहा महिन्यांच्या खंडाने तो मोडतो. म्हणून साधनसामग्री मर्यादित असेल तर शंभर शाळांना एकेक भेट देण्याऐवजी दहा शाळांना वर्षभर जाणे केव्हाही श्रेयस्कर.

वाहन, वीज आणि जोडणी

बसमध्येच आसने आणि टेबले बसवून वर्ग भरवण्याचा फायदा असा की यंत्रे उतरवावी लागत नाहीत आणि मांडणीत वेळ जात नाही. मात्र मोठी बस अरुंद घाटरस्त्यावर आणि पाड्याच्या कच्च्या वाटेवर जात नाही. पावसाळ्यात ती चिखलात रुतते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या डब्यात मुलांना बसवणेही योग्य नसते. त्यामुळे अनेक ठिकाणी लहान टेम्पो किंवा जीपमधून पेट्या नेऊन शाळेच्याच खोलीत वर्ग मांडणे सोयीचे पडते. नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या गावांत, मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या भामरागडसारख्या तालुक्यात काही वस्त्यांपर्यंत पेटीच पोचू शकते. पेट्यांत लॅपटॉप किंवा टॅब्लेट, त्यांना एकत्र चार्ज करणारी पट्टी, छोटा सर्व्हर, राउटर आणि प्रोजेक्टर एवढे साहित्य मावते. आत फोमचे कप्पे असले आणि झाकण घट्ट बसणारे असले की धूळ आणि धक्के यांपासून ते सुरक्षित राहते.

विजेचा अंदाज आधी काढावा लागतो. वीस लॅपटॉप प्रत्येकी सुमारे ४० वॅट घेतात असे धरले तर ८०० वॅट लागतात. पाच तासांत चार युनिट. प्रोजेक्टर, सर्व्हर आणि पंखे धरून दिवसाची गरज पाच युनिटच्या आसपास जाते. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा सौर पॅनेल संच स्वच्छ उन्हाच्या दिवसांत रोज साधारण चार युनिट देतो आणि पावसाळ्यात बराच कमी. म्हणून गाडीच्या टपावर दीड किलोवॅटचे पॅनेल, सहा युनिटची बॅटरी आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मुख्य विजेवर चार्जिंगची सोय, अशी तिहेरी तयारी असावी. टॅब्लेट किंवा रास्पबेरी पायसारखे कमी वीज घेणारे छोटे संगणक वापरले तर ही गरज आणखी घटते. जनरेटरचा आवाज आणि धूर वर्गाला त्रासदायक असतो. तो शेवटचा उपाय समजावा.

इंटरनेट असेलच असे गृहीत धरून धडे आखू नयेत. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेली. तरीही ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार वाडीवरच्या शाळेपर्यंत पोचेलच असे नाही. यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे गाडीतला स्थानिक सर्व्हर. त्यावर मराठी विकिपीडियाची प्रत ‘कीविक्स’ या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ठेवता येते. बालभारतीची पुस्तके, मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातले मराठी धडे आणि शैक्षणिक खेळही त्यावर राहतात. वाय-फायवरून मुले हे सारे इंटरनेटविना वापरू शकतात. माहिती शोधणे, दुवे उघडणे, दोन लेखांची तुलना करणे हा सराव तिथे सुरक्षितपणे होतो. जिथे नेटवर्क मिळते तिथे थोडा वेळ खुले इंटरनेट, शिक्षकाच्या देखरेखीखाली, वापरून दाखवावे.

काय शिकवावे आणि कोणत्या क्रमाने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगची ओळख अपेक्षित आहे. मात्र कोडिंगपर्यंत पोचण्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात. सुरुवात यंत्र सुरू करणे, बंद करणे, माऊस, कळफलक, फाईल आणि फोल्डर यांपासून व्हावी. दुसऱ्या टप्प्यावर चित्र काढणे आणि लिहिणे. तिसऱ्यावर तक्ते आणि आकडेमोड. चौथ्यावर माहिती शोधणे आणि पारखणे. पाचव्यावर तर्काच्या पायऱ्या रचणे, म्हणजेच प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख. एमआयटीने २००७ मध्ये खुला केलेला ‘स्क्रॅच’ यासाठी उपयोगी आहे, कारण त्यात आज्ञा ठोकळ्यांच्या रूपात जोडता येतात आणि इंग्रजी शब्दलेखनाचा अडसर येत नाही. सुरक्षितता हा वेगळा टप्पा नसून तिला प्रत्येक पायरीवर स्थान हवे.

धड्यांचा आशय मुलांच्या परिसरातला असला की कौशल्य टिकते. शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी तक्त्यात भरून आलेख काढणे, आठवडी बाजारातले भाजीचे भाव तीन आठवडे नोंदवून सरासरी काढणे, गावातल्या विहिरींचा नकाशा करणे, आजीकडून ऐकलेली गोष्ट टंकलिखित करून तिला चित्र जोडणे : अशा कामांत गणित, भूगोल आणि भाषा आपसूक येतात. शिक्षकालाही संगणकाचा तास अभ्यासक्रमाबाहेरचा वाटत नाही.

मराठी टंकलेखन हा या अभ्यासाचा पाया मानावा. घरच्या फोनवर बहुतेक मुले मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायला शिकतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा आणि ‘ण’-‘न’चा भेद पुसट होतो. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. वर्णमाला शिकलेल्या मुलाला ही रचना लवकर उमगते. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ या क्रमाने कळा दाबल्या की ‘क्ष’ उमटतो, आणि जोडाक्षर कसे बनते हे मूल बोटांनी शिकते. मजकूर युनिकोडमध्येच लिहिण्याची सवय लावावी. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य खुणांत बदलतो, शोधता येत नाही, आणि केलेले काम वाया जाते.

मराठी ही सगळ्यांची घरची भाषा नसते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारात भिली आणि पावरी, पालघरमध्ये वारली बोलणारी मुले वर्गात असतात. सूचना त्यांच्या बोलीत सांगणारा गावातलाच एक तरुण किंवा तरुणी सोबत असेल तर पहिल्या महिन्यातला अवघडलेपणा जातो. या मुलांनी आपल्या बोलीतले शब्द, गाणी आणि गोष्टी देवनागरीत टंकून आणि आवाजात नोंदवून ठेवल्या, तर त्यांच्या भाषेचाही संग्रह घडतो.

वर्ग कसा चालावा

एका यंत्रावर दोघांहून जास्त मुले नसावीत. तिघे बसले की एकजण चालवतो, दुसरा सांगतो आणि तिसरा नुसता पाहतो. पाहणारी बहुधा मुलगी असते. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलण्याचा नियम पाळावा आणि सुरुवातीला मुलींच्या जोड्या वेगळ्या कराव्यात. स्वतःचा फोन असलेल्या मुली मुलांच्या निम्म्याहून कमी असताना, कळफलकावरचे हे तास त्यांच्यासाठी अधिक मोलाचे ठरतात. प्रशिक्षकांत महिला असणे त्यासाठीही उपयोगी आहे.

दिसण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी मोठी अक्षरे आणि मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी मोठ्या कळा, अशा सोयी पेटीतच असाव्यात. गाडीची पायरी चढता न येणाऱ्या मुलासाठी यंत्र खाली वर्गात आणावे.

ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या परिसरात जातात आणि वसंतात परततात. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या अनेक शाळांचा पट या काळात निम्म्यावर येतो. चाकांवरचा वर्ग गाळप हंगामात फडाजवळच्या वस्तीवर जाऊ शकतो. मुलाची वही आणि त्याने केलेल्या कामाची फाईल त्याच्यासोबत हंगामाच्या गावी पोचवता आली, तर इतर कोणत्याही व्यवस्थेला साधत नाही असे सातत्य या मुलांना मिळते.

सुरक्षितता आणि विश्वास

ऑनलाइन जगात मुलांना तीन प्रकारचे धोके असतात : फसवणूक, छळ आणि खोटी माहिती. पासवर्ड कसा असावा, ओटीपी कोणाला का सांगू नये, अनोळखी दुवा उघडण्यापूर्वी काय पाहावे, स्वतःचे छायाचित्र पाठवण्याची मागणी आली तर काय करावे, हे प्रसंग नाट्यरूपाने वर्गात करून घ्यावेत. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे आणि आवाज आता फोनवर सर्रास येतात. ‘हे कोणी बनवले, कशासाठी, आणि आणखी कुठे पडताळता येईल?’ हे प्रश्न विचारायची सवय त्यांना लवकर लागायला हवी.

मुलांचे रक्षण करण्याची जबाबदारी उपक्रम चालवणाऱ्यांवरही आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे भान ठेवून चालक आणि प्रशिक्षक यांची पोलीस पडताळणी करावी आणि शाळेचे शिक्षक वर्गात हजर असावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. त्यामुळे मुलांची नावे, छायाचित्रे आणि खाती यांची अनावश्यक नोंद करू नये. देणगीदारासाठी काढलेल्या छायाचित्रालाही हाच नियम लागू आहे.

शिक्षक, गाव आणि मूल्यमापन

गाडीबरोबर आलेल्या प्रशिक्षकाने सारे शिकवायचे आणि वर्गशिक्षकाने त्या वेळात दप्तर पूर्ण करायचे, ही पद्धत रूढ झाली की उपक्रम गाडीबरोबरच संपतो. पहिल्या सत्रात प्रशिक्षकाने शिकवावे, दुसऱ्यात दोघांनी मिळून, तिसऱ्यात शिक्षकाने शिकवावे आणि प्रशिक्षकाने मदत करावी, असा क्रम लेखी ठरवावा. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या शिक्षकांना आपले अनुभव मांडायला वेळ मिळाला, तर एका शाळेतली युक्ती दुसरीत पोचते. गावातल्या दोन-तीन मोठ्या मुलामुलींना यंत्राची किरकोळ दुरुस्ती शिकवावी. शाळा व्यवस्थापन समितीने वेळापत्रक फळ्यावर लावावे आणि गाडी न आल्यास कारण विचारावे. पालकांसाठी सत्राअखेर मुलांच्या कामाचे प्रदर्शन भरवले की फोन म्हणजे फक्त वेळ घालवण्याचे साधन, ही समजूत बदलू लागते.

मूल्यमापन करताना किती किलोमीटर गाडी फिरली आणि किती मुलांना ‘लाभ’ झाला हे आकडे पुरेसे नसतात. मुलाने मदतीशिवाय फाईल तयार करून जतन केली का, मराठीत दहा ओळी टंकल्या का, दिलेल्या दोन बातम्यांपैकी कोणती खोटी हे कारणासह सांगितले का, तक्त्यावरून आलेख काढला का, अशी कृतीवर आधारलेली चाचणी वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस घ्यावी. मुलींची आणि आदिवासी वस्त्यांतल्या मुलांची प्रगती वेगळी नोंदवावी, कारण एकूण सरासरीत ती दडून जाते.

मर्यादा आणि हस्तांतर

फिरत्या वर्गाच्या मर्यादा मान्य करूनच त्याचे नियोजन करावे लागते. इंधन, चालकाचा पगार, विमा आणि देखभाल हा आवर्ती खर्च आहे. वाहन देणगीत मिळाले तरी तो चालूच राहतो. अनेक गाड्या याच कारणाने दोन-तीन वर्षांत उभ्या राहतात. मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारा वेळ रोज हाताशी असलेल्या संगणकाची जागा घेऊ शकत नाही. ज्या शाळेत पुरेसा पट, वीज आणि सुरक्षित खोली आहे, तिथे कायमचा कक्षच हवा. मुलांच्या वाचन आणि गणिताच्या पायाभूत अडचणी संगणकाने आपोआप सुटत नाहीत. त्यासाठी शिक्षकच लागतो.

म्हणून प्रत्येक शाळेशी सुरुवातीलाच तीन वर्षांचा लेखी करार असावा. पहिल्या वर्षी गाडी दर आठवड्याला यावी आणि प्रशिक्षकाने शिकवावे. दुसऱ्या वर्षी शिक्षकाने शिकवावे आणि पाच-सहा यंत्रांची पेटी शाळेत ठेवावी. तिसऱ्या वर्षी गाडीने महिन्यातून एकदा दुरुस्ती, नवे साहित्य आणि शिक्षकांच्या शंका यांसाठी यावे. शाळेच्या वेळापत्रकात संगणकाचा तास कायम झाला, तो घेणारा शिक्षक तयार झाला, पेटीतली यंत्रे चालती राहिली आणि वार्षिक चाचणीत मुले उतरली, या चार अटी पूर्ण झाल्या की त्या शाळेतले फिरत्या वर्गाचे काम संपले असे समजावे आणि गाडी पुढच्या दहा शाळांकडे वळवावी. बदली होऊन येणाऱ्या नव्या शिक्षकाचे प्रशिक्षण मात्र केंद्रशाळेने आपल्या वार्षिक आराखड्यात धरावे, म्हणजे एका व्यक्तीच्या जाण्याने तीन वर्षांचे काम मोडणार नाही.